उद्याचा टेट्रिस कोण होणार?

२१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने एका व्हिडिओ गेमला हरवलं. म्हणजे कसं? तर खेळणारा दमायच्या आधी खेळच बंद पडला! तो खेळ होता टेट्रिस. वरून ठोकळे पडतात, ते फिरवायचे, सरकवायचे, आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. बस, एवढाच खेळ. त्या मुलाने १५७वी पातळी गाठली, आतला प्रोग्रॅम गोंधळला आणि पडदा गोठला. गंमत म्हणजे तो खेळत होता ती आवृत्ती होती १९८९ सालची, त्याच्या स्वतःच्या जन्माहून वीस वर्षांनी जुनी!

या आवृत्तीत २९व्या पातळीपासून ठोकळा इतका सुसाट पडतो, की वीस ओळी सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात पार करतो. बटण नुसतं दाबून धरलं, तर ठोकळा कडेला पोहोचायच्या आत खाली आदळतो. त्यामुळे बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं, की माणसाची धाव इथपर्यंतच. मग खेळाडूंनी युक्ती काढली. एका हाताचं बोट बटणावर हलकंच टेकवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक टकटक ठोकत राहायची. प्रत्येक ठोक्याला बटण एकदा दाबलं जातं. ही युक्ती खेळाच्या पुस्तिकेत नव्हती. ती खेळणाऱ्यांनी शोधली, तीही खेळ बाजारात आल्यावर कितीतरी वर्षांनी.

आता प्रश्न असा, की आज तुम्ही जे खेळ खेळता, त्यातला कुठला खेळ तुमची नातवंडं खेळतील?

सात ठोकळ्यांचं गुपित

टेट्रिसचा जन्म १९८४ सालचा, मॉस्कोचा. अलेक्सेई पाजित्नोव्ह तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत. त्यांच्याजवळच्या 'इलेक्ट्रॉनिका ६०' या संगणकावर चित्रं दाखवायची सोयच नव्हती, फक्त अक्षरं आणि चिन्हं उमटत. मग त्यांनी कंसांच्या जोड्या वापरून ठोकळे उभे केले. रंग नाहीत, संगीत नाही, तरी पाहणारा खेळायला बसला की उठेना!

चौकटीची वही घ्या. चार चौकोन कडेला कड लावून जितक्या तऱ्हांनी जोडता येतील तितके आकार काढा. फिरवून सारखे होणारे आकार एकच धरा. मोजा बरं. बरोबर सात आले ना? टेट्रिसमध्ये तेच सात ठोकळे आहेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आरशात पाहिल्यासारखा आकार उलटवायलाही परवानगी दिली, तर उरतात फक्त पाच. ही यादी कोणी मनाने ठरवलेली नाही, ती गणितातून आपोआप आली आहे.

आपली लगोरी आठवा. सात चकत्या, एक चेंडू, दोन संघ. नियम दोन मिनिटांत कळतात, पण एक डाव दुसऱ्यासारखा होत नाही. मला वाटतं, अजरामर खेळाची कसोटी हीच. नियम थोडे हवेत आणि ते एकमेकांत असे गुंतायला हवेत, की खेळ बनवणाऱ्यालाही न सुचलेली वाट खेळणाऱ्याला सापडावी. झगमगीत चित्रं दहा वर्षांत जुनाट दिसायला लागतात. चांगला नियम मात्र म्हातारा होत नाही.

ही कसोटी घेऊन गेल्या काही वर्षांतले माझे लाडके खेळ तपासू या.

पहिला उमेदवार: आग, पाणी, वीज आणि वारा

२०१७ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ आणला. यात लिंक नावाचा वीर एका अफाट मोकळ्या प्रदेशात भटकतो. डोंगर दिसला? चढा. नदी दिसली? पोहा. पण या खेळाची खरी कमाल डोळ्यांना दिसत नाही, ती आतल्या नियमांत आहे.

बनवणाऱ्यांनी जगाचे दोन भाग केले. एका बाजूला वस्तू: झाड, दगड, गवत, तलवार, सफरचंद. दुसऱ्या बाजूला शक्ती: आग, पाणी, बर्फ, वीज, वारा. आणि नियम ठरवले फक्त तीन. शक्ती वस्तूची अवस्था बदलू शकते, म्हणजे आगीने लाकूड पेटतं. शक्ती शक्तीची अवस्था बदलू शकते, म्हणजे पाण्याने आग विझते. पण एक वस्तू दुसऱ्या वस्तूची अवस्था बदलू शकत नाही. याला त्यांनी नाव दिलं 'केमिस्ट्री इंजिन'. एवढा मोठा खेळ उभारण्याआधी त्यांनी हे नियम १९८६ सालच्या पहिल्या झेल्डासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या सपाट खेळात चालवून पाहिले.

आता बघा काय काय होतं. गवत पेटवलं की गरम हवा वर जाते, कारण गरम हवा थंड हवेपेक्षा हलकी. त्या झोतात छत्रीसारखं कापड उघडलं, की लिंक थेट आकाशात! पावसात खडक निसरडे होतात, चढताना पाय घसरतो. विजा कडकडत असतील तेव्हा पाठीवर लोखंडी तलवार असली, तर ती ठिणग्या सोडायला लागते. चटकन काढून टाकली नाही, तर वीज अंगावर! पण हुशार खेळाडू ती तलवार काढून शत्रूच्या पायाशी फेकतात. पुढचं वीज बघून घेते.

काही कोड्यांत विजेचं मंडल पूर्ण करायचं असतं. त्यासाठी ठेवलेले धातूचे ठोकळे योग्य जागी बसवायचे. पण काही पोरांनी विचार केला, धातूतून वीज वाहते ना? मग ठोकळेच कशाला? त्यांनी आपल्या तलवारी आणि ढाली एकापुढे एक मांडल्या आणि मंडल पूर्ण करून टाकलं. दार उघडलं! शाळेच्या पुस्तकात 'सुवाहक' वाचलेला असतो ना, तोच इथे किल्ली होतो. म्हणूनच माझ्या यादीत हा खेळ पहिला.

दुसरा उमेदवार: नियमच ढकला!

फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी २०१७ साली थोड्या तासांत खेळ बनवण्याच्या एका स्पर्धेत एक छोटासा खेळ केला. तोच वाढवून २०१९ साली आला 'बाबा इज यू'. बाबा हा एक पांढरा, गुबगुबीत, मेंढीसारखा दिसणारा प्राणी. पडद्यावर भिंती आहेत, दगड आहेत, झेंडा आहे. आणि त्यांच्यामध्येच शब्दांचे ठोकळे पडलेले आहेत. त्यांचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर असा:

बाबा म्हणजे तू.
भिंत म्हणजे अडथळा.
दगड म्हणजे ढकल.
झेंडा म्हणजे विजय.

हे शब्द नुसती सूचना नाहीत, तेच त्या जगाचे कायदे आहेत. आणि तुम्ही ते ढकलू शकता! 'भिंत म्हणजे अडथळा' यातला 'अडथळा' बाजूला सरकवा, वाक्य मोडतं आणि तुम्ही भिंतीतून आरपार चालत जाता. 'दगड म्हणजे तू' असं वाक्य जोडा, आता पडद्यावरचे सगळे दगड तुम्ही आहात, डावं बटण दाबलं की सगळे मिळून डावीकडे. झेंड्यापर्यंत जाता येत नाही? मग जायचंच कशाला? 'भिंत म्हणजे विजय' करा आणि शेजारच्या भिंतीवर पाऊल ठेवा. एक सावधगिरी बाळगा. 'तू' हा शब्द सगळ्यांपासून सुटा झाला, की तुम्ही कोणीच उरत नाही आणि खेळ तसाच थांबतो.

संगणकाला आज्ञा देणारे लोक नेमकं हेच करतात. 'अमुक म्हणजे तमुक' अशी वाक्यं लिहायची, एक शब्द हलवायचा आणि सगळं जग बदललेलं पाहायचं. बाकीच्या खेळांत नियम पाळून जिंकायचं असतं, इथे नियम हाच खेळायचा ठोकळा आहे. हा विचार इतका साधा आणि इतका नवा आहे, की तो विसरला जाणं मला अशक्य वाटतं.

तिसरा उमेदवार: सेकंदाचा दहावा भाग

'सेलेस्ट' हा २०१८ सालचा खेळ मॅडी थॉर्सन, नोएल बेरी आणि त्यांच्या साथीदारांनी बनवला. मॅडलीन नावाची मुलगी एक उंच पर्वत चढते. तिला मनातून खूप भीती वाटते, छाती धडधडते, पण ती चढत राहते. खेळात उडी मारायची, हवेत झेपावायचं आणि भिंतीला धरून चढायचं. खेळ अवघड आहे, शेकडो वेळा पडायला होतं. तरी चिडचिड का होत नाही? त्यामागे एक सुंदर विज्ञान आहे.

पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं. आपल्या डोळ्याने काही पाहायचं, मेंदूने ठरवायचं आणि बोटाने बटण दाबायचं, याला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात दहा-पंधरा चित्रं निघून गेलेली असतात! संगणक काटेकोर राहिला, तर कड्याच्या टोकावरून उडी मारणारा माणूस सारखा सारखा पडेल आणि ओरडेल, 'अरे, मी दाबलं होतं बटण!'

म्हणून सेलेस्टमध्ये मॅडलीनचा पाय कड्यावरून सुटल्यावरही सुमारे सेकंदाचा दहावा भाग तिला उडी मारता येते. खेळ बनवणारे याला 'कायोटी टाइम' म्हणतात. कार्टूनमधला कायोटी नावाचा लांडग्यासारखा प्राणी कडा संपला तरी हवेत धावत राहतो, त्याच्यावरून हे नाव. तुम्ही जमिनीला टेकण्याच्या जरासं आधी बटण दाबलंत, तर खेळ ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी मारतो. डोकं कोपऱ्याला निसटतं लागलं, तर मॅडलीनला अलगद बाजूला सरकवतो. हे सगळं इतकं गुपचूप होतं, की खेळणाऱ्याला वाटतं, 'वा, काय अचूक उडी मारली मी!' इथे यंत्राने माणसाच्या शरीराचा वेग समजून घेतला आहे, आणि ही समजूत मला फार मोलाची वाटते.

आणि आपली कसोटी? तिथेही सेलेस्ट उतरतो. वेगाने खेळणाऱ्या मंडळींमध्ये 'वेव्हडॅश' नावाची अवघड झेप गाजली होती. २०१९ साली खेळात नवं प्रकरण आलं, तेव्हा बनवणाऱ्यांनी त्यात ही झेप शिकवणारा छोटासा वर्गच घेतला!

चौथा उमेदवार: बावीस मिनिटांची सूर्यमाला

अॅलेक्स बीचम हा अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना त्याने अभ्यासाचा प्रकल्प म्हणून एक खेळ सुरू केला. तोच पुढे मोबियस डिजिटल या चमूने पूर्ण केला आणि २०१९ साली 'आउटर वाइल्ड्स' म्हणून आला. यात तुम्ही अंतराळवीर आहात. छोटंसं लाकडी-लोखंडी यान घेऊन निघता, आणि २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो. सगळं संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मागच्या फेरीतून बरोबर येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं ज्ञान. नवी बंदूक नाही, नाणी नाहीत, वाढीव ताकद नाही. जे समजलं तेच तुमचं.

ही सूर्यमाला भिंतीवर चिकटवलेलं चित्र नाही. इथले ग्रह गुरुत्वाकर्षणाने खरोखर सूर्याभोवती फिरत असतात. एका जुळ्या ग्रहावरून दुसऱ्यावर वाळूचा खांब सतत ओतला जातो. त्यामुळे पहिल्या ग्रहावर गाडलेल्या वास्तू हळूहळू उघड्या पडतात आणि दुसऱ्यावरच्या गुहा बुजत जातात. कुठे जायचं याच्याइतकंच कधी जायचं हेही महत्त्वाचं.

आता यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट ऐका. तुम्हाला वाटतं, आपण यान उडवतोय आणि सूर्यमाला जागेवर आहे. प्रोग्रॅमच्या आत बरोबर उलट घडतं. खेळाडू कायम मध्यबिंदूवर असतो आणि आख्खी सूर्यमाला त्याच्याभोवती सरकवली जाते! असं का? खेळांमध्ये जागा मोजायला वापरतात त्या संख्यांत साधारण सातच अंक अचूक राहतात. तुम्ही मध्यबिंदूजवळ असाल, तर मिलिमीटरचा भागही नीट नोंदवता येतो. पण लाखो मीटर दूर गेलात, की ते सात अंक मोठ्या आकड्यातच संपतात आणि बारीक हालचालीला जागा उरत नाही. मग हात थरथरतात, यान उड्या मारतं. उपाय साधा आहे. खेळाडूला शून्यावर ठेवा, म्हणजे त्याच्या आसपासचं सगळं नेहमी अचूक.

या खेळाबद्दल एक अडचण मी मोकळेपणाने मांडते. रहस्य एकदा उलगडलं की ते पुन्हा पहिल्यांदा उलगडता येत नाही. मग तो अजरामर कसा होणार? माझं उत्तर असं, की चांगली रहस्यकथाही आपण एकदाच कोरी वाचतो, पण नंतर ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात देत राहतो. आउटर वाइल्ड्स खेळलेली माणसं तेच करतात. 'काही विचारू नकोस, फक्त खेळ', असं म्हणतात.

हंस, शेतं आणि पुणे

आणखी थोडे उमेदवार भराभर भेटू या. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या हाऊस हाऊस या चमूचा 'अनटायटल्ड गूज गेम' २०१९ सालचा. यात तुम्ही एक खोडकर हंसपक्षी आहात आणि शांत गावात धुमाकूळ घालता. त्यातला पियानो नीट ऐका. फ्रेंच संगीतकार द्यब्युसी यांच्या रचनांचे छोटे छोटे तुकडे केले आहेत. तुम्ही दबा धरलात की सूर हळू, कोणी मागे लागलं की सूर सुसाट. दर वेळी वेगळी मैफल!

'स्टारड्यू व्हॅली' हा २०१६ सालचा शेतीचा खेळ एरिक बॅरोन या एकाच माणसाने बनवला. चित्रं, संगीत, प्रोग्रॅम, गावकऱ्यांचे संवाद, सगळं त्याचं. त्याला चार वर्षांहून जास्त काळ लागला.

'माइनक्राफ्ट'चं काय, असं विचाराल. त्याची पूर्ण आवृत्ती २०११ सालची, आणि २०२३पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात खेळांचं मोठं संग्रहालय आहे. तिथल्या व्हिडिओ गेमच्या मानाच्या यादीत टेट्रिस २०१५ साली, पहिल्याच तुकडीत गेला. माइनक्राफ्टला २०२० साली मान मिळाला. त्यामुळे तो आता उमेदवार राहिलेला नाही, तो निवडून आला आहे!

आणि आपल्या पुण्याचाही एक उमेदवार आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या चमूने २०२० साली 'राजी: ॲन एन्शंट एपिक' आणला. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, ती शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू आपापसांत बोलत तिची गोष्ट सांगतात. मधले काही प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून दाखवले आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावात ठाकर कलावंत पडद्यामागे दिवा लावून चामड्याच्या बाहुल्या नाचवतात, त्याच जातीची ही कला. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक सोहळ्यात पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी राजीला नामांकन मिळालं. यात लढाया आहेत, म्हणून तो थोड्या मोठ्या मुलांसाठी.

खेळ टिकेल, पण यंत्र?

खेळ कितीही चांगला असो, तो चालवणारं यंत्रच उरलं नाही तर? २०२३ साली व्हिडिओ गेमचा इतिहास जपणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने मोजणी केली. २०१०च्या आधी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ तेव्हा बाजारात रीतसर मिळतच नव्हते, असं तिला दिसलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निन्टेन्डोच्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद झाली.

यावर एक तोडगा म्हणजे 'एम्युलेटर'. हा प्रोग्रॅम नव्या संगणकाला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावतो. जुना खेळ जी आज्ञा देईल, तिचा अर्थ लावून नवा संगणक तसंच वागतो, आणि खेळाला पत्ताही लागत नाही की आपण दुसऱ्याच यंत्रावर आहोत. पण फक्त इंटरनेटवर, कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर चालणारा खेळ असा सहज वाचवता येत नाही. सर्व्हर बंद, की खेळ बंद. म्हणून जुने खेळ जपणारी संग्रहालयं आणि ग्रंथालयं मला फार महत्त्वाची वाटतात. पुस्तकं जपतो तसे खेळही जपायला हवेत, कारण त्यांच्यातही माणसांची कल्पनाशक्ती साठवलेली आहे.

करून पाहा

आता तुमची पाळी. संगणक नको, कागद पुरे. वहीच्या पानावर आठ गुणिले आठ घरं आखा. तेवढ्याच आकाराच्या चिठ्ठ्या कापा. त्यांवर 'बाबा', 'भिंत', 'दगड', 'झेंडा' एकेकदा, 'म्हणजे' चार वेळा, आणि 'तू', 'अडथळा', 'ढकल', 'विजय' एकेकदा लिहा. बाबा म्हणून एक बटण घ्या, दगड म्हणून चिंचोके, भिंत म्हणून खोडरबराचे तुकडे, झेंडा म्हणून काडी. चिठ्ठ्यांची चार वाक्यं पटावर मांडा. शब्दांच्या चिठ्ठ्या नेहमी ढकलता येतात. एका वेळी एकच घर चालायचं.

एकाने खेळायचं, दुसऱ्याने संगणक व्हायचं. संगणकाचं काम एकच. दर चालीनंतर पटावरची वाक्यं मोठ्याने वाचायची आणि तेवढेच नियम लागू करायचे, आपल्या मनाचा एकही नाही. मग स्वतःचं कोडं मांडा आणि मैत्रिणीला सोडवायला द्या. तुम्ही ठरवलेल्या वाटेनेच तिने ते सोडवलं, तर पुढचं कोडं मांडा. पण तुम्हाला स्वप्नातही न सुचलेल्या वाटेने ती झेंड्यापाशी पोहोचली, तर तो कागद जपून ठेवा. तुमच्या खेळात दम आहे!